धुडाचा सातवा भाग

"दोनच पानं राहिलीत, तेवढी वाचू द्या," खुर्चीतली बाई म्हणाली, तेव्हा दात बनवणारी ती दातांच्या रंगांची पट्टी हातात धरून खिडकीशी थांबली. दंतवैद्याच्या दवाखान्यातून तिला अधूनमधून बोलावणं येई. पुढचा दात करायचा असला की चिठ्ठीवरच्या आकड्यावर भागत नाही. माणसाच्या तोंडातले बाकीचे दात दिवसाच्या उजेडात बघावे लागतात, कारण पांढरा म्हणजे काही एकच पांढरा नसतो. तिची दात करायची लॅब समोरच्याच इमारतीत होती आणि रस्ता ओलांडून यायला तिची कधी ना नसे. उलट मेणाच्या आणि प्लास्टरच्या त्या खोलीतून तेवढीच सुटका. खुर्चीतली बाई अंगानं भरलेली, मांडीवर उशीएवढं जाड पुस्तक, आणि वाचता वाचता जीभ पुन्हा पुन्हा त्या तुटक्या दातावर जाऊन येत होती. अखेर तिनं पुस्तक फाटकन मिटलं. "बापाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही हो बयेनं," ती म्हणाली.

"कोणी?" तिनं आपलं विचारायचं म्हणून विचारलं आणि बाईचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलून पट्टीतला एक दात तिच्या दाताशेजारी धरला. "ही रंगाऱ्याची पोर," बाई उचललेल्या ओठामुळे बोबडं बोलत होती. "अख्खं पुस्तकभर बापासाठी कुढली. आणि शेवटी घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारणीकडे टाकली आणि बसली बोटीत." तिचा हात बाईच्या तोंडाशी तसाच राहिला. "नाही," ती म्हणाली. "ती बोटीत बसत नाही. धक्क्यावर बसून राहते आणि परत येते." बाईनं तिचं बोट बाजूला करून ओठ सोडवून घेतला. "कुठून परत येते? बोट सुटते, संपलं. तुम्ही भलतंच काहीतरी वाचलंय." तेवढ्यात आतून हाक आली आणि बाई माप द्यायला उठून गेली. पुस्तक खुर्चीवरच राहिलं. त्याचं वेष्टन नवं होतं, चकचकीत, म्हणून तर मघाशी ते ओळखू आलं नव्हतं. तिनं ते उचललं आणि शेवटून उघडलं. बाई म्हणाली तसंच होतं. रंगाऱ्याची मुलगी ओठ चावते, कुलूप घालते, ओठ चावते, बोटीत बसते. बाप आत खाटेवर आहे हे लेखकाला शेवटून तिसऱ्या पानावर आठवलेलं दिसत होतं, कारण त्याची सोय एका वाक्यात लावली होती: शेजारीण त्याचं बघणार होती. मग दोन पानं समुद्राचं वर्णन. दमलेल्या माणसानं ओझं दारातच टाकावं तसा शेवट होता. पण तो त्याच लेखकाचा होता, याबद्दल तिला तिळमात्र शंका आली नाही. तो तसाच लिहायचा. त्याच्या ओठ चावणाऱ्या बायका तिनं एक आख्खा हिवाळा सोसल्या होत्या.

रस्ता ओलांडून ती परत आली, वर गेली, अ‍ॅप्रन बांधला, आणि दाताचा कुठला रंग ठरवला होता ते तिला आठवेना. पट्टी समोर ठेवून ती बसून राहिली. शेजारच्या बाकावर कवळ्यांना चकाकी देणारं यंत्र घरघरत होतं. त्या पुस्तकाला ते सगळे 'धूड' म्हणायचे. 'धूड आलं का?' 'धूड पुढे ढकललं का?' नकाशे काढायच्या खात्यातून निवृत्त झालेले एक काका होते, एके काळचे ताईचे घरमालक. त्यांच्याकडे त्या कादंबरीची एकुलती एक प्रत होती आणि ती तेव्हा कुठे म्हणजे कुठेच मिळत नव्हती. ताईला वाचायची होती. काकांचा एक औषधवाला मित्र दूरच्या गावी होता, त्यालाही हवी होती. मग ताईनं धाकट्या बहिणीचं, म्हणजे तिचं, नाव घुसडलं. एवढं वजन टपालानं कोण पाठवणार, म्हणून काकांनी छातीवर दगड ठेवून पुस्तकाची शिवण उसवली आणि सात भाग करून प्रत्येकाला पुठ्ठा लावला. काकांकडून औषधवाल्याकडे, त्याच्याकडून ताईकडे, ताईकडून तिच्याकडे, तिच्याकडून परत काकांकडे. नियम एकच, समासात लिहायचं ते पेन्सिलीनं, आणि शेवट सगळ्यांचा वाचून होईपर्यंत कुणी कुणाजवळ ब्र काढायचा नाही. एक चुलता तिसऱ्या भागात मरतो आणि पाचव्यात पंगतीला बसून जेवतो. तिथे काकांनी लिहिलं होतं, 'याला आपण सगळे पोचवून आलो होतो ना?' पांढरा घोडा मधेच तांबडा होतो. तिथे ताईचं अक्षर, 'बाप रंगारी आहे, रंगवला असेल.' औषधवाला प्रत्येक तापाला स्वतःची गोळी सुचवायचा. एका कज्ज्याची साठ पानं तर कुणालाच धड वाचवली नाहीत. आणि तरी पुढचा भाग यायला उशीर झाला की जीव टांगणीला लागे. घरी येऊन दार उघडताना आधी नजर खाली जाई, फटीतून पुडकं आत सरकलंय का. बाकी कसाही असो, त्या लेखकाला एक गोष्ट नेमकी माहीत होती. सोडून जावंसं वाटणं आणि त्याची लाज वाटणं एकाच पोटात कसं राहतं, ते. रंगाऱ्याच्या मुलीचे हात कोपरापर्यंत निळे असायचे आणि बाप आंधळा होत चाललेला. तिला बोलावणारा एक माणूस समुद्रापलीकडे होता. ती भांडी घासते, पिंप ढवळते, बापाला अंघोळ घालते, आणि पानामागून पानं लेखक तिला काही ठरवू देत नाही.

त्याच हिवाळ्यात बाबांची उजवी बाजू गेली. ते एकटे राहायचे, टेलिफोन खात्यात खांब चढून चढून राकट झालेले, कुणाचं ऐकून न घेणारे. इस्पितळातून घरी आणल्यावर एक नर्स ठेवली, पण ते चार दिवसांचं होतं हे सगळ्यांनाच कळत होतं. ताई दुसऱ्या गावी, नवरा, एक मूल, दुसरं पोटात. आणि ती इथेच, लॅबजवळच्या एका खोलीत, एकटी. एकटी म्हणजे लोकांच्या लेखी एकटी. लॅबमध्ये पोर्सलेनचं काम करणारा एक होता. बोलायचा कमी, भट्टीतून दात काढला की आधी तिला दाखवायचा. त्याला परदेशात, एका बंदराच्या गावी, स्वतःची लॅब काढायची होती, जागा बघून झाली होती, आणि त्यानं तिला विचारलं होतं. कसं विचारलं? कुंचल्याचं टोक ओठांनी टोकदार करत, तिच्याकडे न बघता, "मेणाचं काम तू बघशील का तिकडे? आणि बाकीचंही." त्या 'बाकीच्या'त सगळं आलं होतं. तिनं ताईला फोनवर सांगितलं. ताईला ती सगळंच सांगे. ताई म्हणाली, "तू बघ बाई, तुझं आयुष्य." म्हणाली, "बाबांचं काहीतरी होईल, संस्था असतात हल्ली चांगल्या." त्यावर तिनं विनोद केला होता. तो विनोद ती आज शब्दन् शब्द आठवू शकत होती, शेजारी यंत्र घरघरत असताना, बोटांत कोरायची सुरी धरून. "बघू या आता धुडातली काय करते ते. ती बोटीत बसली तर मीही बसते." ताई हसली होती. "तू आणि तुझं धूड," असं म्हणाली होती. तेव्हा पाचवा भाग तिच्याकडे होता, सहावा ताईकडे.

सातवा भाग आला तो फार उशिरा, आणि तो पुठ्ठा नव्हताच. टाइप केलेले कागद होते. वर ताईची चिठ्ठी, की औषधवाल्याकडून भाग ओला होऊन आला, पानं चिकटली होती, ती सोडवून टाइप केलीत, मूळ पानं थेट काकांना परत करतेय. ताई एका वकिलाकडे टंकलेखन करायची. पोट एवढं पुढे आलेलं असताना आपल्यासाठी ही बसून टाइप करते, या विचारानं तिला भरून आलं होतं. भरून आलं होतं! सुरी मेणात खोल गेली आणि दाताचा कोपरा तुटून पडला. तिनं तो पुन्हा वितळवला. त्या कागदांत रंगाऱ्याची मुलगी पेटी घेऊन धक्क्यावर जाते, एका दोराच्या वेटोळ्यावर बसते, माणसं चढताना बघते, आणि मग बोट सुटायच्या आधी उठते, जशी एखादी बाई दूध उतू जाईल म्हणून उठते. घरी बाप रिकाम्या पिंपासमोर बसलेला. कुठे गेली होतीस म्हणून तो विचारत नाही. पावलांवरून ओळखतो आणि म्हणतो, "दमलीस." ती चपला काढते आणि चूल पेटवते. बस. कर्तव्य हा शब्द नाही, त्याग नाही, ओठ चावणं नाही, समुद्र नाही. वाचून ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर कितीतरी वेळ बसून राहिली होती आणि तिला वाटलं होतं, एवढं धूड लिहिता लिहिता बिचारा शेवटी लिहायला शिकला. काकांना तिनं कार्ड टाकलं होतं, 'शेवट वाचला. असाच हवा होता.' काकांचं उलट कार्ड आलं होतं, 'असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच.' ती हसली होती. म्हाताऱ्यांना गोड शेवट हवा असतो, असं तिला वाटलं होतं. म्हणजे कळायची वेळ आली होती, कळणं दाराशी येऊन उभं राहिलं होतं, आणि तिनं हसून दार लावून घेतलं. त्यानंतरच्या सोमवारी तिनं पोर्सलेनवाल्याला सांगितलं. त्यानं कुंचला धुतला, पुसला, "ठरलं असेल तर ठरलं," म्हणाला. त्याच महिन्यात ती आपलं सामान घेऊन बाबांच्या घरी राहायला गेली. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन वर्षं फार तर. बाबा डॉक्टरला पुरून उरले. औषधवाला गेला, काका गेले, ताईचा नवरा गेला, ताईची मुलं मोठी होऊन लांब गेली. आणि बाबा परवाच्या थंडीत गेले, झोपेत, सकाळचा चहा घेऊन ती खोलीत गेली तेव्हा कळलं.

मेणाचा दात त्या दिवशी तिला जमला नाही. उद्या करते, असं तिनं मालकांना सांगितलं आणि चालत घरी गेली. घरात खोकी बांधून ठेवली होती. ही जागा सोडून, काम सोडून, तिनं महिनाअखेर ताईकडे राहायला जायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे काय? दहाव्या-बाराव्या दिवशी ताई फोनवर म्हणाली होती, "तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेणार आहे." येतेस का, असं ताई म्हणालीच नव्हती. आता खोक्यांच्या मधे उभी राहून ती आठवू लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की ताईनं तिला जन्मात कधी काही विचारलं नव्हतं. बाबांना बघ, असं एकदाही म्हणाली नव्हती. वर्षातून दोनदा यायची, बाबांच्या उशाशी बसायची, त्यांची नखं कापायची, आणि निघताना नातेवाइकांसमोर म्हणायची, "हिनं आपण होऊन केलं सगळं. हिची हौसच तेवढी." आणि ती मान खाली घालून चहाचे कप गोळा करायची. कारण ते खरंच होतं. आपण होऊन केलं, हीच तिची त्या सगळ्या वर्षांतली पुंजी होती. बाबांची चादर बदलताना, त्यांनी रागानं डाव्या हातानं वाटी भिरकावल्यावर फरशी पुसताना, रविवारी खिडकीतून बाहेर बघताना, ती स्वतःशी म्हणायची, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धक्क्यावरून उठून आले. यावर ती जगली होती. आणि आता कळत होतं, की ताईनं ती पुंजीही आपल्या हातानं टाइप करून, घडी घालून, तिकीट लावून पाठवली होती.

रविवारी ती बसनं निघाली. बॅग घेतली नाही. बस अर्धी रिकामी होती. रस्त्याच्या कडेला गोदामं, मग शेतं, मग पुन्हा गोदामं. राग येत होता असं म्हणावं तर राग वेगळा असतो, तो कुठे तरी चढतो. हे नुसतं साठत होतं, बस वळली की तेही वळे. मधेच तिला वाटे, आपण उगाच जातोय; माणूस कादंबरी वाचून का बापाला सांभाळतो? कोण विश्वास ठेवेल? न वाचताही राहिलेच असते मी. मग लगेच दुसरं मन म्हणे, पण राहिले असते का, हे आता कधीच कळणार नाही, आणि ते कळू नये अशी व्यवस्था कुणी केली? ज्या हातानं लहानपणी वेणी घातली त्या हातानं. ताईची वेणी घट्ट असायची, डोळे ताणले जायचे, आणि ती ओरडली की ताई म्हणायची, "घट्ट घातली तर दिवसभर टिकते."

ताई मागच्या खोलीत स्टुलावर चढून पडदे लावत होती. भिंती फिकट पिवळ्या रंगवल्या होत्या, ओल्या रंगाचा वास अजून होता. "दार उघडंच होतं होय," ताई वरूनच म्हणाली. "बॅग कुठाय तुझी? पडदा धर जरा तिकडून. हा रंग चालेल ना? तुला निळा नको होता, मला माहितीय."

तिनं पडद्याचं टोक धरलं. जुनी सवय, ताईनं धर म्हटलं की धरायचं. पडदा लागला आणि ताई खाली उतरून पदराला हात पुसू लागली, तेव्हा ती म्हणाली, "धूड पुन्हा छापून आलंय."

"काय आलंय?"

"धूड. काकांचं पुस्तक. सात भाग केले होते."

ताईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. ती खरोखर आठवत होती. बसमध्ये तिनं कितीतरी गोष्टींची तयारी केली होती, ताई नाकारेल, रडेल, चिडेल. ताई विसरली असेल याची केली नव्हती. "ते होय," ताई अखेर म्हणाली. "तो घोडा रंग बदलायचा. बाई गं, कुठून आठवलं तुला? औषधवाला काय एकेक लिहायचा." आणि ती हसली. मग हसता हसता तिला पुढचं आठवलं असावं, कारण हसू चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे तेवढे त्यातून बाहेर पडले. ती स्टुलावर बसली.

"वाचलंस तू," ताई म्हणाली.

"शेवटची पानं वाचली. एका पेशंटच्या हातात होतं."

"बस ना खाली. चहा ठेवू?"

"नको."

ताईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. शेजारच्या अंगणात कुणीतरी सायकल उलटी करून चाक फिरवत होतं. "माझं काय झालं होतं तेव्हा, तुला माहितीय का?" ती म्हणाली. "सातवा महिना. ह्यांची नोकरी जायच्या बेतात. आणि तू फोनवर म्हणतेस, ती बोटीत बसली तर मीही बसते. मी रात्री सातवा भाग वाचला आणि ती बसलीच. मी म्हटलं, ही आता जाते. आणि बाबा माझ्या दारात."

"मी गंमत केली होती."

"तू गंमत म्हणून कधी काही बोलत नाहीस. लहानपणापासून नाही. तुला जे खरं बोलवत नाही ते तू गमतीत घालतेस." हे ताई मायेनं म्हणाली, आणि ते इतकं बरोबर होतं, की तिला ताईचा त्या क्षणी सगळ्यांत जास्त तिटकारा आला. "आणि मी म्हटलं," ताई पुढे म्हणाली, "कागदावरच्या एका बाईसाठी ही बापाला टाकून जाऊ शकते, तर कागदावरच हिला थांबवलं तर काय बिघडलं? वकिलाचं ऑफिस सुटल्यावर तिथेच बसून टाइप केलं. चारदा फाडलं. आधीच्यांत ती बापाच्या पाया पडते, रडते वगैरे. म्हटलं, हे हिला पटायचं नाही. काढून टाकलं." ती थांबली. "खरं सांगू? लिहिताना मला बरं वाटलं. पाय सुजलेले, घरात कटकट, आणि ते तेवढं चांगलं चाललेलं. त्या मेल्यापेक्षा बरं लिहिलं होतं की नाही?"

"हो," ती म्हणाली. ते खरंच बरं लिहिलं होतं.

"तुला जायचंच असतं," ताई हळूच म्हणाली, "तर तू शेवटाची वाट बघत थांबली असतीस का?"

हे तिनं स्वतःला बसमध्ये विचारून झालं होतं, पण स्वतः विचारणं वेगळं आणि ताईच्या तोंडून ऐकणं वेगळं. स्वतः विचारलं तेव्हा तो प्रश्न होता. आता तो उंबऱ्यात पाय घालून उभा राहिलेला माणूस झाला होता. ती खिडकीच्या कठड्याला टेकली. हाताला रंग लागला, कोपऱ्यात अजून सुकला नव्हता. "तू मला विचारलं का नाहीस?" ती म्हणाली. "नुसतं म्हणायचंस, मला जमत नाहीये, तू राहा. मी राहिले असते, ताई. तू म्हणाली असतीस तर मी राहिलेच असते."

"माहितीय."

"माहितीय?"

"तू राहिली असतीस गं. माहीत होतं मला." ताई आता तिच्याकडे बघत नव्हती, पडद्याच्या कडेचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होती. "पण मग मला ते आयुष्यभर वागवावं लागलं असतं. दर वेळी आले की तुझ्या तोंडाकडे बघून. तू बोलून दाखवलं नसतंस, ते तर आणखी वाईट. आपण होऊन राहिलीस तर कुणाचं कुणाला काही लागत नाही. दोघी सुटल्या."

दोघी. यंत्राची घरघर एकदम बंद झाली की लॅबमध्ये जशी शांतता येते, कानावर दाबून बसल्यासारखी, तसं तिला झालं. म्हणजे बाबांची सोय हा अर्धाच भाग होता. ताईला आभार मानायचे नव्हते, आणि तेवढ्यासाठी एका मोठ्या, वेड्यावाकड्या, ओठ चावणाऱ्या पुस्तकाला नवा शेवट शिवला होता, इतका नीट की टाका दिसू नये. आणि त्या टाक्यावर तिनं स्वतःचा सगळा मोठेपणा टांगून ठेवला होता. "तो मला म्हणाला होता, बाकीचंही बघशील का," ती म्हणाली. ताईला कळलं नाही. "कोण?" तिनं विचारलं. आणि मग तीच म्हणाली, "अच्छा, तो. तो पोर्सलेनवाला. त्याचं पुढे काय झालं गं?" असं विचारलं, जसं दूरच्या सोयरिकीत कुणाचं काय झालं म्हणून विचारतात. "माहीत नाही," ती म्हणाली. आणि खरंच माहीत नव्हतं.

मग ताई उठली, जवळ आली, आणि तिनं तिच्या हाताला लागलेला रंग आपल्या पदरानं पुसायला घेतला. "झालं ते झालं," ताई म्हणाली. "मी काही मोठं चांगलं केलं असं म्हणत नाही. पण आता उरलो कोण, आपण दोघीच. आज मी तोंडानं विचारते, मग तर झालं? ये माझ्याजवळ राहायला. मला एकटीला घर खायला उठतं. दिसतंही कमी आताशा. ये." तिचा आवाज मधेच फाटला. ताईचा आवाज फाटलेला तिनं कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हाही नाही. हात पुसत होती ताई, घट्ट, वेणी घालायची तशी, आणि रंग काही निघत नव्हता. ती ताईच्या भांगाकडे बघत राहिली, तिथले केस विरळ झाले होते, कातडी गुलाबी दिसत होती. किती वर्षं ती या प्रश्नासाठी थांबली होती हे तिला आता कळलं, आणि तो ऐकायला आला तेव्हा तो कुणी दुसऱ्याच्याच घरी गेल्यासारखा तिच्या शेजारून निघून गेला.

"नाही," ती म्हणाली. "मी नाही येणार, ताई."

ताईनं हात सोडला. "रागात म्हणतेस."

"रागात नाही. येणार नाही."

"मग मी काय करू?" ताईनं विचारलं. अगदी साधं विचारलं. त्यात डाव नव्हता, निदान या वेळी नसावा. पण आता ते ओळखायचं कसं हे तिला कळत नव्हतं, आणि तेच तर ताईनं कायमचं नेलं होतं. तिनं चपला घातल्या. ताई दारापर्यंत आली, आणि मागे दार लावल्याचा आवाज आला नाही.

बसला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर ती बसली, हातावरचा पिवळा रंग नखानं खरवडत. समोर एक माणूस संत्रं सोलून आपल्या म्हाताऱ्या आईला फोडी देत होता आणि म्हातारी बिया त्याच्या तळहातावर टाकत होती. बाबा एकदा तिला 'दमलीस' म्हणाले होते. खिडकीशी बसले होते, ती बाजारातून आली होती, पिशव्या खाली ठेवल्या, आणि ते म्हणाले होते. ते तिनं मनात जपून ठेवलं होतं. फार वाईट दिवस आला की काढून बघायची. आता तिनं ते काढलं आणि तिला त्यात बाबांचा आवाज ऐकू येईना. बाबांना 'स' म्हणता येत होता का? त्या खिडकीशी पिंप होतं का? खरंच म्हणाले होते, का तिनं ते इतक्यांदा वाचलं होतं, की म्हणाले असं वाटू लागलं? एकेक करून ती बाबांना आठवू लागली, घाईघाईनं, घरात चोरी झाल्यावर माणूस कपाटं उघडून बघतो तसं. डोक्यावर ठेवलेला हात, तिच्या घासाकडे बघणं, पावलं ओळखणं. जे जे मऊ होतं त्याला त्याला टाइपच्या शाईचा वास येऊ लागला. असं एक तरी असेल ना, जे ताईला सुचलं नसतं, जे फक्त बाबांचं असेल?

होतं. त्यांना शेवटी शेवटी चारच शब्द येत होते. पाणी, नको, दिवा, आणि ताईचं नाव. तहान लागली, कूस बदलायची झाली, भीती वाटली की ते ताईच्या नावानं हाक मारायचे. आधी तिनं सुधारून पाहिलं होतं, मी आहे बाबा, मी. ते तिच्याकडे नीट बघायचे, ओळखीचं बघायचे, आणि पुन्हा ताईचं नाव घ्यायचे. हे नक्की त्यांचं होतं. असं कुणी लिहून पाठवलं नसतं. आणि रोज, पहाटे, दुपारी, भरल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत येत, तिनं त्या नावाला ओ दिली होती.